नळाचं पाणी उलटं फिरतं तेव्हा : तारकर्लीच्या घरांनी काय तपासावं, काय लिहून ठेवावं

पाणी उलटं वाहतं, हे तारकर्लीच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे वाळूची अरुंद पट्टी, असं हे गाव. ओहोटीला देवबागच्या संगमाकडे उतरणारं कर्लीचं पाणी भरती लागली की मागे फिरतं आणि खाडीत खारं पाणी आत चढतं. हे रोज दोनदा होतं. होडीवाले त्यावर आपली वेळ ठरवतात.

घरातल्या नळाच्या पाइपातही हेच होऊ शकतं. नळातून बाहेर पडलेलं पाणी, टाकीतलं पाणी, विहिरीचं पाणी, कधी कधी बादलीतलं आणि पिंपातलंही पाणी उलटं फिरून पिण्याच्या लाइनीत शिरतं. प्लंबर याला बॅकफ्लो म्हणतात. नदीचं उलटं फिरणं दिसतं, पाइपातलं दिसत नाही. एवढ्याच फरकामुळे ते धोक्याचं आहे.

मालवण किनाऱ्यावर आपल्या समाजातली अनेक घरं आहेत. काही पाहुण्यांना खोल्या देतात, काहींची खानावळ आहे. मुंबई-पुण्यातली कुटुंबं सुट्टीला इथे येऊन राहतात. म्हणून हा विषय आम्ही जरा सविस्तर मांडत आहोत. पाणी मागे का फिरतं, ते थांबवायला काय लागतं आणि त्याची नोंद कुठे ठेवायची, कोणाला द्यायची, हे एक एक करून बघू.

पाणी मागे का फिरतं?

कारणं दोनच आहेत, ओढ आणि ढकल.

ओढ म्हणजे लाइनीतला दाब अचानक कमी होऊन पाइपाने उलट शोषून घेणं. आपल्याकडे बहुतेक गावांत नळाला चोवीस तास पाणी नसतं. ते ठरावीक वेळी सोडतात आणि मग व्हॉल्व्ह बंद करतात. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर पाइपात उरलेलं पाणी सखल घरांच्या उघड्या नळांतून निघून जातं. पाइप रिकामा होऊ लागला की तो जिथून मिळेल तिथून हवा आणि पाणी ओढतो. एखाद्या नळाला लावलेली रबरी नळी बादलीत बुडालेली असली तर त्या बादलीतलं पाणी लाइनीत जातं. पाइपाला चीर असेल आणि भोवती गटाराचं पाणी साचलेलं असेल तर ते आत जातं. शेजारच्या कोणी नळाला थेट मोटर लावून पाणी खेचलं तर ही ओढ आणखी वाढते. नळाला मोटर लावणारा शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी तर घेतोच, शिवाय रस्त्यातल्या प्रत्येक भोकातली घाणही सगळ्यांच्या नळात ओढून आणतो.

ढकल म्हणजे आपल्या बाजूचा दाब लाइनीच्या दाबापेक्षा जास्त होणं. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे प्लंबरच्या भाषेत साधारण एक किलो प्रेशर. गच्चीवरची टाकी किंवा विहिरीचा पंप यांचा दाब नळाच्या लाइनीपेक्षा जास्त असेल आणि दोन्ही पाइप कुठेतरी जोडलेले असतील, तर आपलं पाणी गावाच्या लाइनीत ढकललं जातं.

सगळ्यात धोक्याचा टी जॉइंट

किनाऱ्यावरच्या घरांत हे नेहमी दिसतं. पंचायतीचा नळ आहे, अंगणात विहीर आहे आणि पाहुणे आले की एकट्या नळावर भागत नाही. मग प्लंबर विहिरीच्या पंपाचा पाइप आणि पंचायतीचा पाइप एका टी जॉइंटने जोडतो, मधे एक साधा व्हॉल्व्ह बसवतो आणि सांगतो, 'नळाला पाणी आलं की हा उघडा, पंप लावला की हा बंद करा.'

महिनाभर सगळं नीट चालतं. मग एखाद्या दिवशी घाईत व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि कोणीतरी पंप चालू करतं. विहिरीचं पाणी टाकीत चढतं, त्यातलं काही पंचायतीच्या लाइनीतही जातं आणि शेजारच्या चार घरांत पोचतं. विहीर स्वच्छ असेल तर निभावून जाईल. पण या वाळूच्या पट्टीत विहिरीजवळ शोषखड्डा असेल तर?

सिंधुदुर्ग जिल्हा २०१६ च्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात सपाट प्रदेशातल्या जिल्ह्यांत पहिला आला होता. घरोघरी शौचालयं झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र शौचालयं वाढली तसे जमिनीतले सेप्टिक टँक आणि शोषखड्डेही वाढले. विहीर आणि शोषखड्डा यांत किमान १५ मीटर, म्हणजे ५० फूट अंतर हवं, असा सर्वसाधारण नियम आहे. वाळूतून पाणी भरभर झिरपतं, त्यामुळे इथे अंतर जितकं जास्त तितकं बरं. छोट्या प्लॉटवर दोन खोल्या वाढवताना नेमकं हेच अंतर कमी होतं.

ओळखायची एक खूण आहे. पंचायतीच्या नळाला एरवी गोड पाणी येतं आणि एखाद्या दिवशी मचूळ किंवा खारट लागलं, तर कोणाच्या तरी विहिरीचं पाणी लाइनीत शिरलं असण्याची शक्यता आहे. 'आज पाण्याची चव वेगळी आहे' असं घरात कोणी म्हणालं तर ते कानाआड करू नका.

आपल्या घरातल्या पाच जागा

टी जॉइंट हा एक प्रकार झाला. पाणी मागे फिरू शकेल अशा आणखी पाच जागा सहज सापडतात.

१. टाकीत बुडालेला पाइप. टाकी भरणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्याच्या पातळीखाली असेल तर पुरवठा बंद होताच टाकीतलं पाणी मागे ओढलं जातं. मशिदीत वजूसाठी हौद असेल तर तिथेही हे एकदा बघून घ्यावं. हौद भरताना नळी आत सोडून ठेवायची सवय पुष्कळ ठिकाणी असते. ज्या हौदात शेकडो हात बुडतात त्यातलं पाणी पिण्याच्या नळापर्यंत जाता कामा नये.

२. संडासातला जेट स्प्रे. तो बादलीत किंवा भांड्यात पडलेला असेल आणि त्याचा खटका दाबलेला राहिला असेल, तर तीच ओढ तिथेही लागू होते. स्प्रे नेहमी हुकाला अडकवावा आणि त्याचा कॉक बंद ठेवावा.

३. फवारणीचं पिंप. आंबा-काजूवर औषध मारताना २०० लिटरच्या पिंपात औषध ओततात आणि नळाची नळी आत सोडून पिंप भरतात. ही सगळ्यात घातक सवय आहे. जंतू उकळून मरतात, कीटकनाशक उकळून जात नाही.

४. सूट धुवायची टाकी. तारकर्लीत स्कुबा डायव्हिंग आणि वॉटर स्पोर्ट्सचा धंदा मोठा आहे. खाऱ्या पाण्यातून आलेले सूट, मास्क आणि तोंडात धरायच्या नळ्या गोड्या पाण्याच्या टाकीत बुडवून धुतात. त्या टाकीत सोडलेली नळी पिण्याच्या लाइनीची असेल तर ती पाण्याच्या वर टांगलेली हवी.

५. व्हॉल्व्हचा खड्डा. पावसाळ्यात रस्त्याकडेचे खड्डे गढूळ पाण्याने भरतात. त्यातला व्हॉल्व्ह गळत असेल तर पुरवठा बंद असताना तेच पाणी आत जातं. ही जबाबदारी पंचायतीची आहे, पण ते बघून कळवणं आपल्या हातात आहे.

हे खरंच होतं का?

झालं आहे, आणि मोठ्या प्रमाणावर झालं आहे.

१९५५ च्या अखेरीस दिल्लीत नजफगढ नाल्याचं सांडपाणी यमुनेत मागे सरकलं आणि वजिराबादला जिथून शहरासाठी पाणी उचलत होते तिथपर्यंत पोचलं. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून ती हिपॅटायटिस ई ची साथ होती, हे पुष्कळ वर्षांनी समजलं. गरोदर बायकांसाठी हा आजार फार वाईट असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला तर २० ते २५ टक्के रुग्णांचा जीव जाऊ शकतो. २०१२ साली आपल्या महाराष्ट्रात इचलकरंजीत याच आजाराची साथ आली होती.

दुसरा प्रसंग अमेरिकेतला, ऑगस्ट १९६९ चा. वूस्टर शहरातल्या होली क्रॉस कॉलेजचा फुटबॉल संघ मैदानावर सराव करत होता. मैदानाला पाणी घालायचा नळ जमिनीतल्या खोलगट खड्ड्यात होता आणि जवळ राहणारी मुलं तिथे खेळायची. त्यांतल्या काहींना कावीळ होती. शहरात दुसरीकडे आग लागली, बंबांनी लाइनीतून भरमसाट पाणी घेतलं, दाब पडला आणि खड्ड्यातलं घाण पाणी खेळाडूंच्या पिण्याच्या नळात ओढलं गेलं. संघातल्या ९७ पैकी ९० जणांना संसर्ग झाला आणि त्या वर्षीचा त्यांचा हंगाम रद्द करावा लागला. तिथे कोणी नळात विष कालवलं नव्हतं. दाब पडला आणि मधे अडवणारं काही नव्हतं, इतकंच.

थांबवायचं कसं?

सगळ्यात भरवशाचा उपाय फुकट आहे. तो म्हणजे मोकळी जागा. पाइपाचं तोंड टाकीतलं पाणी जिथपर्यंत चढू शकतं त्या पातळीच्या वर ठेवायचं. अंतर पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट, आणि कमीत कमी एक इंच. अर्ध्या इंचाच्या पाइपाला एक इंच, एक इंचाच्या पाइपाला दोन इंच. पाणी हवेतून उडी मारून मागे जात नाही. या उपायात गंजायला, अडकायला किंवा बिघडायला काहीच नाही.

दुसरा उपाय नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा. दुकानात एनआरव्ही म्हटलं की मिळतो. आतली झडप पाण्याला एकाच दिशेने जाऊ देते. तो उपयोगी आहे, पण एकट्यावर विसंबू नये. वाळूचा एक कण झडपेखाली अडकला की ती पूर्ण मिटत नाही, आणि तारकर्लीत वाळूची कमी नाही. बाहेरून बघून व्हॉल्व्ह चांगला आहे की अडकलेला, हे कळत नाही.

म्हणून टी जॉइंटवर आमचं सांगणं असं : एनआरव्ही लावून तो जॉइंट तसाच ठेवू नका, जॉइंटच काढा. पंचायतीचा पाइप आणि विहिरीचा पाइप वेगवेगळे टाकीपर्यंत न्या आणि दोघांचीही तोंडं पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. टाकीत दोन्ही पाणी मिसळलं तरी ते गावाच्या लाइनीत परत जाणार नाही. विहिरीच्या पाण्याची खात्री नसेल तर पिण्याची टाकी वेगळीच ठेवावी.

घरात जोडणी आहे की नाही हे घरीच तपासता येतं. नळाला पाणी नसेल त्या वेळी फक्त पंचायतीचं पाणी येतं असा नळ उघडा. आता विहिरीचा पंप चालू करा. त्या नळातून पाणी आलं तर दोन लाइनी कुठेतरी जोडलेल्या आहेत. पंप लगेच बंद करा आणि प्लंबरला बोलवा.

नोंद कशाला हवी?

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हॉटेल, दवाखाना, बागेची लाइन अशा ठिकाणी पाणी मागे फिरू न देणारी यंत्रणा बसवणं बंधनकारक असतं. परवाना असलेल्या तपासनीसाकडून ती दर वर्षी तपासून घ्यावी लागते आणि तो अहवाल पाणी पुरवणाऱ्या संस्थेकडे द्यावा लागतो. दिला नाही तर नळ तोडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. कारण झडप बिघडली तर आवाज होत नाही. बिघाड कळतो तो तपासल्यावर, नाहीतर माणसं आजारी पडल्यावर.

भारतीय मानक ब्युरोच्या राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) पिण्याची लाइन दुसऱ्या कुठल्याही पाण्याशी जोडू नये, असं स्पष्ट आहे. घरोघरच्या झडपेचा वार्षिक अहवाल देण्याची पद्धत मात्र आपल्या गावांत नाही. असं असलं तरी पाण्याच्या नोंदीच्या तीन व्यवस्था आपल्याकडे आजही आहेत.

पहिली, ग्रामपंचायतीचं स्वच्छता सर्वेक्षण. महाराष्ट्रात वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, गावातल्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते. जोखीम किती आहे त्यावरून पंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड राखणाऱ्या गावाला चंदेरी कार्ड देण्याची पद्धत आहे. आपल्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे हे ग्रामसभेत विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

दुसरी, जलसुरक्षक. टीसीएल पावडर टाकणं, नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलंय का हे ओटी टेस्टने बघणं आणि नमुने प्रयोगशाळेत पाठवणं ही त्यांची कामं. ओटीचं औषध टाकल्यावर पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. नळाशी ते लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम असायला हवं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी किट वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. आपल्या घरातल्या मुली-सुनांनी यात पुढे यावं. इथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. नमुना फक्त जलकुंभाजवळ घेतला तर अहवाल चांगला येईल, कारण मागे फिरलेलं पाणी पुढे कुठेतरी शिरलेलं असतं. लाइनीच्या शेवटच्या घराच्या नळाचाही नमुना घ्या, असं आपण सांगायला हवं.

तिसरी, खानावळ आणि होमस्टेसाठी. जेवण देणाऱ्यांच्या एफएसएसएआय तपासणी यादीत हा मुद्दा आहे : पाणी आयएस १०५०० या मानकाप्रमाणे पिण्यायोग्य असावं, दर सहा महिन्यांनी तपासलेलं असावं आणि त्याची नोंद ठेवलेली असावी. या मानकात १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय अजिबात नसावा, असं म्हटलं आहे. अधिकारी आल्यावर धावपळ करण्यापेक्षा अहवाल आधीच फाइलला लावलेला बरा.

तपासणी करताना दोन नमुने द्या. एक पंचायतीच्या नळाचा, टाकीत जाण्याआधीचा. दुसरा स्वयंपाकघरातल्या नळाचा. पहिला चांगला आणि दुसरा खराब आला तर दोष आपल्या टाकीत किंवा जोडणीत आहे. दोन्ही खराब आले तर लाइनीत आहे. एकाच नमुन्यावर हे कळत नाही आणि मग घरवाले पंचायतीला बोल लावतात, पंचायत घरवाल्यांना. बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक केलेली घ्यावी, नळ दोन-तीन मिनिटं सोडून मग भरावी आणि बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवावी.

एक साधी वही

आमची सूचना आहे की प्रत्येक होमस्टेने, आणि जमेल तर प्रत्येक मशीद-मदरशाने, पाण्याची एक वही करावी. तिच्यात एवढंच असावं :

– पाणी कुठून येतं : नळ, विहीर, टँकर. पाइप कसे गेलेत याचा हाताने काढलेला नकाशा.
– टाकी धुतल्याची तारीख आणि कोणी धुतली.
– एनआरव्ही उघडून साफ केल्याची तारीख. वर्षातून एकदा तरी, पावसाळा संपल्यावर.
– नळ-पंपाची वर सांगितलेली चाचणी : तारीख आणि निकाल.
– क्लोरीन टाकलं असेल तर किती. १००० लिटर विहिरीच्या पाण्याला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते. आधी थोड्या पाण्यात कालवून वरचं निवळ पाणी टाकायचं आणि तासभर थांबायचं.
– प्रयोगशाळेचे अहवाल, तारखेप्रमाणे चिकटवलेले.
– पाण्याला वास, रंग किंवा चव वेगळी वाटली त्याची नोंद, मग ती कितीही क्षुल्लक वाटो.

प्लंबर बदलतो, केअरटेकर बदलतो, घर भाड्याने जातं. कुठला व्हॉल्व्ह कशाचा हे एकाच माणसाच्या डोक्यात असेल तर तो गावाला नसताना काय करणार? वही घरातच राहते.

पाणी मागे फिरल्याचा संशय आला तर

सगळ्यात आधी पंप आणि आपल्या जोडणीचा व्हॉल्व्ह बंद करा. ते पाणी पिऊ नका आणि स्वयंपाकालाही वापरू नका. जंतूंची शंका असेल तर खळखळून उकळलेलं पाणी चालेल. औषधाची किंवा रसायनाची शंका असेल तर उकळून भागणार नाही, पाणी बाहेरूनच आणावं लागेल. पाहुणे असतील तर त्यांना सरळ सांगा. शेजाऱ्यांनाही सांगा, कारण त्यांचा नळ त्याच लाइनीवर आहे. जलसुरक्षक आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. घरात किंवा शेजारी दोघा-तिघांना एकदम जुलाब किंवा कावीळ झाली असेल तर आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा.

यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही. आपल्या घरातून पाणी मागे गेलं हे कबूल करायला जड जातं, आणि हंगामात तर धंद्याची भीतीही असते. पण दोन दिवस खोल्या बंद ठेवल्याचं नुकसान भरून निघतं. शेजारच्या घरातल्या गरोदर सुनेला कावीळ झाली तर ते नुकसान कशानेही भरून निघत नाही.

मालवणच्या समुद्रात उभ्या असलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोडं पाणी लागतं, याचं पर्यटकांना नवल वाटतं. आपल्या घरांचंही तसंच आहे. भोवती खाडी, समुद्र, शोषखड्डे आणि पावसाळ्याचं गढूळ पाणी, आणि मधे एका पाइपात पिण्याचं पाणी. ते शेजाऱ्याचंही आहे, म्हणजे आपल्याकडे असलेली अमानतच. या रविवारी गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण उघडा आणि पाइपाचं तोंड पाण्याच्या वर आहे की आत, एवढं बघा. वहीतली पहिली नोंद तीच असू द्या.